आधी चेंडू फिरव, मग रेक्झिन चढव

म्हार्दोळचा एक मुलगा सहा वर्षं स्विंडनला आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर गेला, गोदामात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात भाड्याच्या गॅरेजात लोटस सेव्हन या जुन्या इंग्रजी बिनछपराच्या गाडीच्या घाटाची किट कार, म्हणजे सुटे भाग आणून घरी जुळवायची गाडी, बांधतो. इंग्लंडात घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर आयव्हीए पास व्हावी लागते. आयव्हीए म्हणजे एकेका गाडीची स्वतंत्र मंजुरी-तपासणी. 2009 पासून ही पद्धत आहे, त्याआधी एसव्हीए होती. त्याची गाडी ब्रेक, धूर, हेडलाइट सगळ्यात निभावली आणि डॅशबोर्डवर आपटली. नापासाच्या कागदावर पाच मुद्दे आहेत: डॅशची खालची कड, मधली क्रोमची टॉगल बटणं, मधल्या दोन गोल मीटर-तबकड्यांच्या कडा, कमी दाखवणारा स्पीडोमीटर आणि मागच्या फॉगलाइटचा उन्हात न दिसणारा इशारादिवा. चवथीला तो गावी येतोय. त्याने दोन गोष्टी विचारल्यात. फोंड्यात माझ्याकडे नवा डॅश करून मिळेल का, आणि पुढे ही गाडी गोव्यात आणून नोंदवता येईल का?

त्याने मला काका म्हटलंय, म्हणून मीही अरे-तुरेवरच लिहितो.

डॅश करून मिळेल. पण तू पत्र्याचा जो फोटो पाठवलास तो बघून आधी एक सांगतो. तुझे पहिले तीन मुद्दे वेगवेगळे नाहीतच. तू डॅश डोळ्यांसाठी बनवलास आणि तपासनीस तो कपाळासाठी बघतो. धडक बसली, माणूस पुढे फेकला गेला, तर त्याचं डोकं कुठे आपटेल आणि तिथे काय असेल, एवढंच त्याला बघायचं असतं. त्यासाठी त्याच्याकडे डोक्याच्या मापाचा गोळा असतो, व्यास 165 मिलिमीटर. हा गोळा जिथे टेकतो तिथली प्रत्येक कडक कड गोल हवी, गोलाईची त्रिज्या किमान 2.5 मिलिमीटर. जिथे गोळा पोचत नाही तिथली कड कशीही असो, तो तिच्याकडे बघणार नाही. सगळा खेळ या एका गोळ्याचा आहे.

मी तिथे एका किट कारच्या कारखान्यात ट्रिमिंगला नऊ वर्षं काढली आणि माझी स्वतःची पहिली गाडी नेमकी याच कारणाने परत आली होती. एका दुकानदाराने ‘तपासणीला चालतो’ म्हणून मला कापून दिलेला ॲल्युमिनियमचा पत्रा विकला होता. त्यावर मी फोम लावला, काळं रेक्झिन ताणून चढवलं, पांढऱ्या दोऱ्याची शिवण घातली. दिसायला झकास. तपासनिसाने अंगठ्याने खालची कड दाबली, फोम दबला आणि आतला पत्रा त्याच्या बोटाला लागला. त्याने कागदावर एक ओळ लिहिली आणि मी दीडशे मैल गाडी ट्रेलरवर टाकून परत आणली. तूही तेच केलंयस, फक्त तुझी शिवण लाल आहे.

फोमबद्दल नियम काय म्हणतो ते नीट समजून घे, कारण दहातले आठ जण इथेच फसतात. युरोपात गाडीच्या आतल्या वस्तूंसाठी जो एकवीस क्रमांकाचा नियम आहे, त्यात मऊ आवरणाला किंमत नाही. ज्या वस्तूची कठिणता शोअर ए मापावर 50 पेक्षा कमी आहे ती काढून टाकली असं समजून आतल्या कडक भागाची गोलाई मोजतात. म्हणजे फोम आणि रेक्झिन हा सदरा झाला. मोजमाप सदऱ्याखालच्या अंगाचं होतं.

आता गोळा घरी कुठून आणायचा? फुटबॉल चालत नाही, पाच नंबरचा फुटबॉल 220 मिलिमीटरच्या आसपास असतो. हँडबॉलचा एक नंबरचा चेंडू घे. त्याचा घेर 50 ते 52 सेंटिमीटर असतो. शिंप्याची टेप गुंडाळून 51.8 सेंटिमीटर होईल इतकी हवा भर, झाला 165 चा गोळा. मग सुताराची काव घे. करवतीची रेघ मारायला सूत ज्यात बुडवतात ती लाल काव. चेंडूला ओलसर काव फासून तो डॅशवर सगळीकडून फिरवायचा, वरून, समोरून, खालून वर. जिथे लाल लागलं ती कड तुझ्या यादीत. मी आजही गिऱ्हाइकाची गाडी दारात आली की आधी हेच करतो. पोरं हसतात, पण अर्ध्या तासात सगळी भांडणं मिटतात.

2.5 ची गोलाई मोजायला गेज विकत घेऊ नकोस. जुनं एटीएम कार्ड घे, त्याला 5 मिलिमीटरच्या ड्रिलने कडेजवळ भोक पाड आणि भोकाच्या मधोमध कार्ड काप. अर्धगोल खाच राहते तिची त्रिज्या 2.5. ती खाच कडेवर बसवून उजेडाकडे धरायची. खाच डोक्यावर टेकली आणि बाजूंना उजेडाची फट दिसली, तर कड अजून तीक्ष्ण आहे. खाचेच्या मधोमध फट राहिली आणि कार्ड दोन टोकांवरच टेकलं, तर गोलाई हवी त्याहून मोठी, म्हणजे पास.

यातून एक मोठी सूट आहे आणि ती तू वापरलीच नाहीस. स्टिअरिंगचं चाक सरळ ठेवून त्याचा बाहेरचा घेर समोर डॅशवर आडवा सरळ पाडायचा, त्याच्या भोवती आणखी 127 मिलिमीटरचा पट्टा घ्यायचा. या वर्तुळातल्या वस्तूंना हा हिशोब लागत नाही, कारण चालकाच्या डोक्याच्या वाटेत चाकच येतं. मात्र खाली ही सूट चाकाच्या तळाच्या पातळीला संपते. त्या आडव्या रेषेखाली काही लोंबत असेल तर ते मोजलं जातं. तुझं चाक 280 चं आहे, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे 140 अधिक 127, एकूण 267 मिलिमीटर. चाक 350 चं घेतलंस तर 302. एका बाजूला पस्तीस मिलिमीटर जास्त मिळतात, आणि तुझ्या फोटोत उजवीकडून तिसरं टॉगल बटण नेमकं तेवढ्यानेच बाहेर पडलंय. चाक बदलायलाच हवं असं नाही. पण बटणं उचलून या वर्तुळात आणता येतात की नाही ते आधी बघ. क्रोमच्या टॉगलचा एवढा सोस असेल तर ती चालकासमोर लाव, तिथे कोणी काही म्हणत नाही.

वर्तुळाबाहेर मात्र टॉगल विसर. आकडे बघ म्हणजे का ते कळेल. पृष्ठभागापासून 3.2 ते 9.5 मिलिमीटर वर आलेलं कडक बटण असेल तर टोकापासून 2.5 मिलिमीटर खाली त्याचा छेद किमान 2 चौरस सेंटिमीटर हवा, कडा 2.5 च्या गोलाईच्या. 2 चौरस सेंटिमीटर म्हणजे 16 मिलिमीटर व्यासाचं गोल बटण. 9.5 च्या वर गेलं तर प्रकरण आणखी वाढतं. समोरून 37.8 डेकान्यूटन, आपल्या भाषेत साधारण साडेअडतीस किलोचा जोर दिल्यावर ते आत दबलं पाहिजे किंवा तुटून पडलं पाहिजे, शिवाय टोकापासून 6.5 मिलिमीटरच्या आत छेद साडेसहा चौरस सेंटिमीटर हवा. तुझ्या टॉगलची दांडी 6 मिलिमीटर जाडीची, वीस वर आलेली. तिचा छेद 0.28 चौरस सेंटिमीटर. कपाळात खिळाच तो.

त्याऐवजी 19 किंवा 22 मिलिमीटरच्या भोकात बसणारी चपटी दाबबटणं घे, डोकं 3 मिलिमीटरपेक्षा कमी वर येणारी. 3.2 च्या खाली राहिलं की क्षेत्रफळाची कटकट संपते, कडा बोथट असल्या की भागतं. विकत घेताना व्हर्नियर घेऊन जा. दुकानदार ‘फ्लॅट आहे’ म्हणतो ते त्याच्या नजरेने.

दुसरी युक्ती खड्ड्याची, आणि मला तीच आवडते. मोठा गोळा अरुंद खड्ड्यात फार उतरत नाही. 40 मिलिमीटर रुंद खाचेत 165 चा गोळा जेमतेम अडीच मिलिमीटर बुडतो. 60 रुंद खाचेत साडेपाच-पावणेसहा. 80 केलीस तर दहाच्या वर जातो, मग उपयोग नाही. म्हणून बटणांची रांग 40 च्या खाचेत, पृष्ठभागापासून चार मिलिमीटर आत बसवली की कसलंही बटण चालतं, फक्त खाचेच्या कडा गोल हव्यात. तुझ्या मधल्या दोन मीटरचंही तसंच. आता ते पुढून बसवलेत, म्हणून क्रोमची कडी सहा मिलिमीटर बाहेर आलीय आणि तिची धार जाणवते. मागून बसव. 52 च्या भोकात गोळा चारेक मिलिमीटर उतरतो, भोकाच्या कडेला गोलाई दिली की पाच. मीटर सात मिलिमीटर आत ठेवलास की त्याची कडी गोळ्याला दिसतच नाही. उन्हात काचेवर चमक येते ती कमी होते, हा वरचा फायदा.

खालची कड हा तुझा सगळ्यात मोठा प्रश्न, आणि तोच सगळ्यात सोपा. डॅशच्या खालच्या कडेला 2.5 ची गोलाई पुरत नाही, तिथे 19 मिलिमीटरची त्रिज्या लागते. पत्रा दुमडून ही गोलाई येणार नाही, आलीच तर लाटा पडतील. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पाण्याचा पीव्हीसी पाइप बाहेरच्या व्यासाने विकतात. 40 चा पाइप म्हणजे बाहेरून 40, त्रिज्या 20. नियमाला हव्या त्याहून एक मिलिमीटर जास्त. पाइप उभा चिरून अर्धा कर आणि फायबर करताना साच्याची खालची कड म्हणून तो वापर. वर तीन थर चढले की बाहेरची गोलाई 23 च्या आसपास जाते.

कामाचा क्रम असा ठेवू. तू येताना गाडीवरून खाकी कागदाचा पूर्ण साइजचा नमुना काढून आण. त्यावरून मी 12 मिलिमीटरच्या मरीन प्लायचा सांगाडा कापतो. एमडीएफ नको, आपल्या पावसाळ्यात तो दोन दिवसांत फुगतो. आणि थर्माकोल तर मुळीच नको. दर वर्षी एक तरी पोरगा मखराचा उरलेला थर्माकोल घेऊन येतो, ‘काका, यावर फायबर मारा’ म्हणून. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल खातं. पहिला ब्रश लावला की साखर विरघळावी तसा तो आत बसतो.

सांगाड्याच्या खालच्या कडेला अर्धा पाइप ठोकायचा, वरच्या कडेला 25 चा. सगळ्यावर तपकिरी पॅकिंग टेप चिकटवायची, तिला रेझिन धरत नाही. मग 450 ग्रॅमची चॉप्ड मॅट, म्हणजे काचधाग्यांची चटई, तीन थर. एका थराला साधारण एक मिलिमीटर जाडी येते. मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन. आता कडेकडे लक्ष दे. काटकोनी कडेवर मॅट बसत नाही, धागे ताठ असतात, ते उसळून उभे राहतात आणि खाली हवा अडकते. 20 च्या गोलाईवर तीच मॅट ओल्या पंच्यासारखी लोळते, रोलर दोनदा फिरवला की बुडबुडे निघून जातात. आमच्याकडे होड्यांना फायबर मारणारा एक वयस्क कामगार येतो. तो मला म्हणाला होता, टाकीला किंवा होडीला टोकदार कोपरा दिला की गळती तिथूनच सुरू होते. तुझ्या तपासनिसाला जी कड नको, ती त्यालाही नको.

हे कारागीर जून-जुलैत मिळत नाहीत. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी, सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि डागडुजीचं सगळं काम त्या एकसष्ट दिवसांत होतं. चवथीपर्यंत त्यांचे हात मोकळे होतात. प्रत्यक्ष चवथीच्या दिवसांत मात्र कोणी येणार नाही, दीड दिवसाचा गणपती असो की पाच दिवसांचा. म्हणून तू आठवडाभर आधी ये, नाहीतर विसर्जनानंतर आठवडाभर थांब.

स्वतः हात घालणार असलास तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव. आपल्याकडे रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर अशा तीन बाटल्या सुट्या मिळतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचा, त्यानंतर हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडतो. दोन्हींसाठी एकच मापाचा पेला वापरायचा नाही, त्या बाटल्या शेजारीशेजारी ठेवायच्या नाहीत. हार्डनर एक ते दोन टक्के. पाऊस लागलाय, लवकर सुकत नाही म्हणून चार टक्के ओतणारे मी पाहिलेत. कड तडकते आणि डॅश वाकडा होतो. मॅट रात्री प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायची. दमट मॅट वापरली की पांढुरके डाग पडतात आणि तिथे रेझिन धरत नाही. शेडमध्ये रात्रभर हॅलोजनचा दिवा लावून ठेवतो मी, हवा तेवढी कोरडी होते.

सुकल्यावर भोकं, मग कानस आणि पॉलिश पेपर, मग लांबी म्हणजे पुट्टी, मग पुन्हा पॉलिश पेपर. भोकांच्या कडा एटीएम कार्डाने तपासायच्या, आणि रेक्झिन चढवायच्या आधी चेंडू. हा क्रम उलटा झाला तर पुन्हा सगळं उसवावं लागतं. त्यानंतर तीन-चार दिवस डॅश तसाच वाऱ्यावर ठेवायचा. स्टायरीनचा वास पूर्ण जायच्या आत फोम चिकटवला की आठवड्याने रेक्झिनखाली फुगे येतात आणि दोष कुशनवाल्याला जातो. फोम 5 मिलिमीटर, बंद पेशींचा. उघड्या पेशींचा फोम पाणी धरतो आणि तुझ्या गाडीला छप्पर नाही. चिकटवायला एसआर, म्हणजे रेक्झिनचा रबरी गोंद, दोन्हीकडे पातळ हात, बोटाला चिकटेनासं झाल्यावरच जोडायचं. फोंड्यातला माझा कुशनवाला रेक्झिनला हीटगनची ऊब देऊन मधून कडेकडे ओढतो, कडेकडून मधे कधीच नाही. चुण्या का पडत नाहीत याचं उत्तर एवढंच.

स्पीडोमीटर. तुझा 50 मैलांना 48 दाखवतो, म्हणजे जागीच नापास. खऱ्या वेगापेक्षा कमी एक मैलही दाखवलेला चालत नाही, जास्त दाखवलेला चालतो: खऱ्या वेगाच्या 110 टक्के अधिक 6.25 मैल, इथपर्यंत. म्हणजे खरे 50 असताना काटा 50 ते 61.25 च्या मधे कुठेही असो. मोबाइलच्या जीपीएसने ताडून 53 ला लावून ठेव आणि सोडून दे. टायर झिजला की चाक लहान होतं, जास्त फिरतं आणि आकडा आणखी वर जातो, खाली नाही. त्यामुळे नव्या टायरवर जमवलंस की पुढे काळजी नाही. तबकडी मैलांची हवी, रात्री उजळणारी हवी, आणि आकड्यांमध्ये 20 मैलांपेक्षा जास्त अंतर नको.

इशारादिव्यांत फार सांगण्यासारखं नाही. हाय बीम निळा, इंडिकेटर हिरवा, ब्रेकच्या तेलाचा लाल, मागच्या फॉगचा पिवळा. प्रत्येकाशेजारी ठरलेलं चिन्ह हवं, घरी प्रिंट काढून चिकटवलेलं नको, पहिल्या पावसात निघतं. तुझा फॉगचा दिवा 3 मिलिमीटरचा एलईडी आहे, तो उन्हात दिसणारच नाही. 8 चा घे, किंवा थोडा आत बसव म्हणजे वरून सावली पडेल. मागचा फॉग हेडलाइट बंद असताना लागता कामा नये हेही वायरिंगमध्ये बघ. तेवढ्यावरून एकाला परत पाठवलेला मी पाहिलाय.

तिथले काही जण तुला सांगतील की रबराची यू-पट्टी कडांवर बसव, तपासणी झाली की उपटून टाक. मी कारखान्यात असताना असे डबेच्या डबे विकले जायचे. पट्टी चोख चिकटवली असेल आणि तिच्या आतली कड गोल असेल तर तिचं मला वावडं नाही. पण जी वस्तू परतीच्या रस्त्यावर ट्रेलरवरच काढायची ठरवून लावलीय, तिच्यासाठी माझ्याकडे येऊ नकोस. शेजारच्या सीटवर उद्या तुझी बायको बसणार आहे.

राहिला गोव्यात नोंदणीचा प्रश्न. नाही होणार, आणि आशा लावून ठेवण्यात अर्थ नाही. इंग्लंडात एका माणसाची एक गाडी तपासून मंजूर होते तशी वाट आपल्याकडे सामान्य माणसाला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 चा नियम 126 गाडी बनवणाऱ्याला लागू होतो. त्याने नमुना गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत तपासून घ्यायची आणि त्यावर सगळ्या गाड्या नोंदवायच्या. एका गाडीसाठी तो खर्च कोणी करत नाही. जुन्या जीपच्या किंवा मारुतीच्या कागदांवर वेगळी बॉडी चढवायचा जो जुना धंदा होता, तोही संपल्यात जमा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं की कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी व्हीए मालिकेचे नंबर आले, पण ते पन्नास वर्षांवरच्या मूळ स्थितीतल्या गाड्यांना. तुझी गाडी गेल्या वर्षी जन्मली. कार्नेवर, म्हणजे जकात न भरता गाडी तात्पुरती आणायच्या कागदावर, आणून फिरवता येते, हरमलला परदेशी नंबरप्लेटच्या गाड्या दिसतात त्या तशाच आलेल्या असतात. पण ठरलेल्या मुदतीत गाडी देशाबाहेर न्यावी लागते, आणि चवथीच्या पावसात बिनछपराची गाडी आणून करणार काय?

गंमत म्हणजे आपल्या नियम 125 च्या शीर्षकातच सीटबेल्ट आणि दबणाऱ्या स्टिअरिंग कॉलमबरोबर ‘पॅडेड डॅशबोर्ड’ लिहिलेलं आहे. तरी माझ्याकडे येणाऱ्या टॅक्सीवाल्यांना डॅशवर गणपतीची पितळी मूर्ती स्क्रूने पक्की करून हवी असते, अगदी प्रवाशाच्या कपाळासमोर. मी मूर्ती सक्शनवर बसवून देतो. सुटून पडली तर पडली. एकाने ‘देवाला सुटं ठेवतात का’ म्हणून पैसे दिले नाहीत.

येताना एवढं आण: खाकी कागदाचा नमुना, त्यावर स्टिअरिंगचा मध्य, चाकाचा बाहेरचा व्यास आणि चाकाच्या तळाची आडवी रेघ पेन्सिलने काढलेली. डॅशच्या मागे स्कटलपर्यंत, म्हणजे डॅशपुढच्या बॉडीच्या पत्र्यापर्यंत, किती जागा आहे ते तीन ठिकाणी मोजून लिही, मीटर मागून बसवायचे तर तेवढी खोली लागेल. दोन्ही मीटर प्रत्यक्ष आण, फोटो नको. नापासाच्या कागदाची प्रत आण. जुना पत्रा आणायची गरज नाही, वजन फुकट जाईल. परत जाताना डॅश मीटरभर लांब होईल, तो सूटकेसमध्ये मावणार नाही, तेव्हा विमान कंपनीला मोठ्या नगाचं आधी सांगून ठेव. आणि उरलेलं एसआर किंवा रेझिन ‘तिथे डागडुजीला लागेल’ म्हणून सामानात टाकू नकोस. ते पेट घेणारं सामान, विमानतळावर काढून घेतील आणि वर तासभर प्रश्न विचारत बसवतील.

हँडबॉल मात्र तिकडेच घे, इथे फोंड्यात एक नंबरचा मिळायला मला तीन दुकानं पालथी घालावी लागली होती.